थंडीच्या पहाटे डिझेल गाडी का रुसते?



मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत भाजीपाला करणाऱ्या घराचा दिवस मध्यरात्रीनंतरच सुरू होतो. आदल्या सायंकाळी मेथी-कोथिंबीर उपटायची, माती झाडायची, रात्री उशिरापर्यंत ओसरीवर बसून जुड्या बांधायच्या आणि दोन-अडीचच्या सुमारास माल पिकअपमध्ये भरायचा, हे तुम्हांला सांगायला नको. धारेश्वराच्या धायरीतून गुलटेकडीचा मार्केट यार्ड दहा-बारा किलोमीटरांवर. सिंहगडाच्या पायथ्याकडच्या डोणजे-खानापुराकडून येणाऱ्यांना त्याहून लांब पडते. पालेभाजीचा सौदा कोणाची वाट पाहत नाही. उजाडल्यावर पोहोचलेल्या जुडीला पहाटेच्या जुडीचा भाव मिळत नाही, आणि शिळ्या कोथिंबिरीला तर कोणी हातही लावत नाही.

नेमक्या अशा वेळी किल्ली फिरवावी आणि गाडीने नुसतेच कण्हावे, मागून पांढरा धूर सोडावा आणि पुन्हा गप्प बसावे, असा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांवर आला असेल. मग कोणी धक्का मारतो, कोणी गाडीखाली शेकोटी पेटवतो, कोणी हवेच्या नळीत स्प्रे मारतो. अलीकडे आणखी एक सल्ला कानावर येतो. परदेशात राहणारा एखादा नातेवाईक सांगतो, "काका, आमच्याकडे गाडीच्या इंजिनात विजेचा हीटर बसवतात. रात्री पिन लावून ठेवायची, सकाळी एका झटक्यात गाडी चालू. तुम्हीही बसवून घ्या."

हा हीटर म्हणजे काय, तो कसा बसवतात, आणि मुख्य म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यात त्याची गरज आहे का, याचा विचार या लेखात करू. पैसा तुमच्या घामाचा आहे. तो कोठे घालायचा आणि कोठे नाही, हे समजून घेतलेले बरे.

पेटवणारी ठिणगी नसलेले इंजिन

पेट्रोलच्या इंजिनात प्लग ठिणगी पाडतो आणि इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचे सारे मर्म हवा दाबण्यात आहे. सायकलच्या टायरात हवा भरताना पंपाचे टोक कसे गरम होते, ते तुम्ही अनुभवले असेल. डिझेल इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरमधली हवा पंधरा ते बावीसपट दाबतो. तेवढ्या दाबाने हवा ५०० अंशांच्याही वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो.

आपल्या मराठी शेतकऱ्याला हे इंजिन नवे नाही. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना उभा राहिला आणि विहिरी-विहिरींवर डिझेल इंजिनांचा आवाज घुमू लागला. दाब सोडण्याचा खटका वर करून हँडल गरगर फिरवायचे आणि चाकाने वेग घेतला की खटका खाली टाकायचा, ही युक्ती घरातल्या वडीलधाऱ्यांना आजही पाठ असेल. त्या युक्तीत एक शहाणपण होते. वेगाने फिरल्याशिवाय हवा तापत नाही, आणि हवा तापल्याशिवाय डिझेल पेटत नाही.

आता थंडीत काय घडते ते पाहा. रात्रभर गारठलेले लोखंड दाबलेल्या हवेतली उष्णता शोषून घेते. गार पडल्यामुळे तेल दाट होते आणि इंजिन फिरवायला जड जाते. त्याच वेळी बॅटरीही गारठलेली असते. पारा गोठणबिंदूपाशी आला, की शिशाच्या बॅटरीची ताकद पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक घटते. म्हणजे काम वाढले आणि करणारा अशक्त झाला. इंजिन सावकाश फिरते, सावकाश फिरल्याने दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, आणि डिझेल न पेटताच पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

इंजिनाचा हीटर आला कोठून?

अमेरिकेच्या उत्तरेकडील नॉर्थ डाकोटा राज्यात आणि त्याला लागून असलेल्या कॅनडाच्या मैदानी मुलखात हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. तो मुलूखही शेतकऱ्यांचाच. तिथल्या ग्रँड फोर्क्स गावचे अँड्र्यू फ्रीमन हे ग्रामीण भागाला वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्थेचे काम पाहत. त्यांनी इंजिनाच्या माथ्यावरचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेने तापणारा बोल्ट बसवण्याची कल्पना लढवली आणि १९४९ साली तिचे पेटंट घेतले. पुढे इंजिनाच्या पाण्यात बुडून राहणारे हीटर निघाले. आज कॅनडात अनेक ठिकाणी घरापुढे आणि कचेऱ्यांच्या वाहनतळावर गाडीसाठी विजेचे सॉकेट असते, आणि थंडीच्या दिवसांत गाड्यांच्या जाळीतून पिनेची वायर लोंबताना दिसते.

उणे ३० अंशांत ही चैन राहत नाही, ती गरज होते. तेल काकवीसारखे घट्ट होते आणि डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बंद पडतो. आपल्याच देशात लडाखमध्ये हा अनुभव येतो. तेथील वाहनांसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणाने.

आता आपल्याकडचा हिशेब मांडा. पुण्याच्या वेधशाळेत नोंदलेले आजवरचे नीचांकी तापमान १.७ अंश, तेही १७ जानेवारी १९३५ रोजीचे. एरवी कडाक्याच्या थंडीत पुणे सात-आठ ते दहा अंशांवर येते. खोलगट शिवारात आणि पाण्याच्या कडेला त्याहून एक-दोन अंश कमी भरेल. निफाडच्या द्राक्षबागांत काही वर्षी पारा दोन-तीन अंशांवर येतो, महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठते. महाराष्ट्रातल्या थंडीची मजल साधारण इथपर्यंतच.

एवढ्या थंडीत निरोगी डिझेल इंजिनाला बाहेरच्या हीटरची गरज नसते. हे नीट ध्यानात ठेवा. आठ-दहा अंशांत तुमची गाडी चालू होत नसेल, तर दोष थंडीचा नाही. थंडीने फक्त आधीच असलेले दुखणे उघडे पाडले आहे. अशा गाडीला हीटर बसवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गाडी काही दिवस चालू होईल, आतले दुखणे मात्र झाकलेल्या निखाऱ्यासारखे वाढत राहील.

दुखणे ओळखावे कसे?

वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तशी गाडीची नाडी तुम्हांला घरीच पाहता येते. त्यासाठी दोनच गोष्टींकडे लक्ष द्या: इंजिन किती वेगाने फिरते आणि धूर कसा येतो.

इंजिन सावकाश, ओढत ओढत फिरत असेल तर दोष बॅटरीत, तिच्या टोकांत, स्टार्टरमध्ये किंवा तेलात आहे.

इंजिन जोमाने फिरते, पांढरा धूर येतो, पण पेट घेत नाही. याचा अर्थ डिझेल आत पोहोचते आहे, ते पेटण्याइतकी उष्णता मिळत नाही. येथे हीटर प्लग तपासावेत. ते चांगले असतील तर इंजिनाचा दाब कमी झाला असावा.

इंजिन जोमाने फिरते आणि धूर मुळीच येत नाही; म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. फिल्टर तुंबला असेल, नळीत हवा शिरली असेल किंवा डिझेल सोडणारा विजेचा खटका चालत नसेल.

आणखी एक साधी परीक्षा. पहिल्यांदा चालू करतानाच त्रास होतो आणि दिवसभर मग तक्रार नसते, अशी गाडी असेल तर एका पहाटे किल्ली फिरवण्यापूर्वी डिझेल फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबा. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर रात्रीत डिझेल मागे टाकीकडे उतरते आहे असे समजा. एखादी नळी चिरलेली किंवा तिची पट्टी ढिली असेल. नवी नळी आणि दोन पट्ट्या एवढ्याने काम होते. हीटर बसवला असता तर हा दोष वर्षभर सापडला नसता.

खरा हीटर गाडीत आधीच आहे

बहुतेक डिझेल पिकअपमध्ये कारखान्यातूनच प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग येतो. बोटाएवढी लांब कांडी, टोक लाल होऊन तापते आणि आतली हवा गरम करते. किल्ली चालू केली की समोर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तो याच प्लगांचा. तो दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल्फ मारायचा. घाईच्या वेळी अनेक जण किल्ली एका दमात फिरवतात आणि मग गाडीला नावे ठेवतात.

इंजिनांतही दोन जाती आहेत. जुन्या मॅटाडोरसारख्या टेम्पोंत आणि २००५ साली आलेल्या, ज्याला लोक प्रेमाने छोटा हत्ती म्हणतात त्या टाटा एसच्या पहिल्या दोन सिलिंडरच्या इंजिनात, डिझेल आधी एका लहान कोठडीत फवारले जाते. या कोठडीच्या भिंती पुष्कळ उष्णता पितात, म्हणून अशा इंजिनांना हीटर प्लगाचा आधार जास्त लागतो. ज्यांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, ती इंजिने आपल्याकडच्या थंडीत त्या मानाने सहज पेट घेतात. ट्रॅक्टरच्या अनेक इंजिनांना हीटर प्लग नसूनही ते पहाटे चालू होतात, ते यामुळेच.

प्लग तपासणे अवघड नाही. चारही प्लग डोक्यावर एका धातूच्या पट्टीने जोडलेले असतात. ही पट्टी काढल्याशिवाय तपासणी करू नका, कारण एक प्लग चांगला असला तरी पट्टीमुळे चारही चांगले वाटतात. बारा व्होल्टचा बल्ब घ्या, त्याची एक वायर बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला लावा. बल्ब लागला तर प्लगमधली तार शाबूत आहे. लागला नाही तर प्लग जळाला. चारपैकी दोन जळाले, की थंडीत दोनच सिलिंडर पेटू पाहतात आणि बाकीचे दोन पांढरा धूर सोडतात.

प्लग चांगले निघाले तर पट्टी पुन्हा जोडून, किल्ली चालू असताना पट्टीपर्यंत वीज येते का, हे त्याच बल्बने पाहा. बल्बची दुसरी वायर या वेळी इंजिनाच्या लोखंडाला लावायची. वीज येत नसेल तर रिले किंवा फ्यूज गेला असेल. समोरचा पिवळा दिवा लागतो म्हणून प्लगांना वीज मिळतेच, असे समजू नका.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. प्लग काढायचा तो इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी टाकून, आणि हलक्या हाताने. गंजलेला प्लग जोर लावून फिरवला तर तो माथ्यातच तुटतो आणि मग सारा माथा उतरवावा लागतो. दुसरे, १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांमध्ये प्लगांचे नियंत्रण संगणकाकडे असते आणि काही प्लग कमी व्होल्टचे असतात. त्यांना घरी हात न लावता जाणत्या मेकॅनिककडे जावे. धायरी २०१७ साली महापालिकेत गेली तरी धायरी-नऱ्हे रस्त्याच्या अंगाने लहान कारखाने आणि गॅरेजे आहेत. तेव्हा हुशार हात शोधायला लांब जावे लागणार नाही.

बॅटरी, तेल आणि डिझेल

चार प्लग मिळून काही क्षण चाळीस-पन्नास अँपिअर वीज खेचतात आणि पाठोपाठ स्टार्टर त्याच्या कितीतरी पट. म्हणून थकलेली बॅटरी दोन्ही कामे करू शकत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर ती थंडीत दगा देणार. मापक नसेल तर गॅरेजात दोन मिनिटांत पाहून मिळते.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमते. वायरी सोडवून खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती धुवा, कोरडी करून घट्ट बसवा आणि वर व्हॅसलीन लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. आत घालायचे ते फक्त डिस्टिल्ड पाणी; विहिरीचे किंवा नळाचे नव्हे. इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची पट्टी गंजली असेल तर तीही बदला. पुष्कळदा नवी बॅटरी घेऊनही दुखणे जात नाही, ते या पट्टीमुळे.

तेलाच्या डब्यावर १५ डब्ल्यू ४० असे आकडे असतात. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा. हा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ. पुण्याच्या थंडीला १५ चे तेल भरपूर झाले. गाडीच्या पुस्तकात लिहिलेले तेल मुदतीत बदला. काळे, घट्ट झालेले तेल पैसे वाचवत नाही.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठते. दर काही दिवसांनी खालचा स्क्रू सैल करून ते सोडा. डिझेल गोठण्याची भीती मात्र पुणे जिल्ह्यात धरू नका. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल ३ अंशांपर्यंत वाहते राहिले पाहिजे; उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १५ अंशांची. मात्र आपली गाडी घेऊन कोणी हिमाचल-काश्मीरकडे सफरचंद आणायला जात असेल, तर त्याने इथल्या डिझेलने टाकी गच्च भरून वर चढू नये. टाकी रिकामी होत आली की त्या भागातलेच डिझेल भरावे.

हे मात्र करू नका

गाडीखाली शेकोटी पेटवू नका. इंजिनाच्या तळाला तेलाचा थर असतो, डिझेलच्या रबरी नळ्या आणि वायरींचे जाळे असते. एक ठिणगी पुरे. गाडी जाते, वरचा माल जातो, आणि शेजारी कडब्याची गंज असेल तर गोठाही जातो.

हवेच्या नळीत ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या हीटर प्लगाशी त्याची गाठ पडली, की तो अवेळी भडकतो. दट्ट्याच्या रिंगा मोडतात, कधी दट्ट्याच फुटतो. पुढच्या वर्षी गाडी स्प्रेशिवाय चालू होईनाशी होते, ती या मोडलेल्या रिंगांमुळे.

दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सेल्फ मारू नका. मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा आणि हीटरचा दिवा पुन्हा विझू द्या.

नव्या गाड्यांना धक्का मारून चालू करण्याच्या फंदात पडू नका. न पेटलेले डिझेल धूर गाळणाऱ्या यंत्रणेत जाऊन बसते आणि तिचा खर्च मोठा असतो. त्यापेक्षा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जोड घ्या. लाल वायर अधिक ते अधिक. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उण्या टोकापासून आपल्या इंजिनाच्या लोखंडाला.

आणि भगिनींनो, हे तुम्ही विशेष सांभाळा. बंद शेडमध्ये किंवा घराला लागून असलेल्या पडवीत इंजिन गरम करत ठेवू देऊ नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या मुलाला तो जागे होऊ देत नाही. गाडी आधी उघड्यावर काढायची, मग गरम करायची.

ज्यांना खरोखर हवाच आहे त्यांच्यासाठी

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा लडाखच्या बाजूला ट्रक चालवत असेल, कोणाची लेक कॅनडात नांदत असेल. त्यांना इंजिन हीटरचे काम पडते. तेव्हा तो बसवतात कसा, हेही पाहू. इथे कोणी तुम्हांला तो बसवून देऊ लागला, तर काम नीट होते की नाही हेही त्यावरून कळेल.

इंजिनाच्या कुशीला पाण्याच्या वाटेवर गोल वाटीसारखी पत्र्याची झाकणे ठोकलेली असतात. त्यांतले एक झाकण काढून त्या जागी हीटर बसतो. त्याची तापणारी तार इंजिनाच्या पाण्यात राहते.

१. हीटर त्याच इंजिनासाठी बनवलेला हवा. झाकणाचा व्यास थोडा जरी चुकला तरी गळती ठरलेली. शिवाय तो २३० व्होल्टचा हवा. कॅनडा-अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते. तिकडून आणलेला हीटर इथे लावला तर तो साडेतीन पटीहून जास्त वीज खेचतो आणि जळतो. नातेवाइकाने प्रेमाने आणलेली वस्तू असली, तरी ती लावू नका.

२. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची उणी वायर काढा आणि रेडिएटर व इंजिनातले कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्या. कूलंट गोड लागते आणि ते विष आहे. कुत्र्याने, वासराने चाटले तर जीव जातो. जमिनीवर थेंबही सांडू देऊ नका.

३. झाकणाच्या एका कडेला बोथट छिन्नीने ठोकले की ते आडवे फिरते. पकडीने ओढून ते बाहेर काढायचे. ते आत पडू देऊ नये.

४. बैठकीची जागा गंज काढून गुळगुळीत करायची, रबरी कडीला वंगण लावायचे आणि हीटर आत सरकवायचा. तापणारी तार इंजिनाच्या भिंतीला टेकता कामा नये. स्क्रू सांगितलेल्या मापानेच आवळायचा.

५. मग कूलंट भरायचे. साधे पाणी नको. त्याने क्षार धरतात आणि हीटर करपतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतले तर ते उणे ३५ अंशांच्याही खाली तग धरते. नळ्यांतली हवा पूर्ण काढायची, इंजिन चालवून गरम करायचे, गळती नाही याची खात्री करायची आणि नंतरच हीटरला पहिल्यांदा वीज द्यायची. पाण्याबाहेर राहिलेला हीटर काही क्षणांत जळतो.

६. वायर धुराच्या नळीपासून, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर बांधून पुढच्या जाळीपाशी आणायची. पिनेला झाकण हवे.

७. तीन पिनांचे, खरी अर्थिंग असलेले सॉकेट हवे आणि त्यावर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवा. जोड दिलेली वायर, दोन पिनांचा प्लग, ओल्या अंगणातून टाकलेली तार यांतले एकही चालणार नाही. गाडीचा पत्रा लोखंडी आहे, तिला टेकून मुले खेळतात आणि दारात म्हैस बांधलेली असते. अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यात वीज उतरते.

खर्चाचाही हिशेब पाहा. पिकअपच्या इंजिनाचा हीटर सुमारे ४०० ते १००० वॉटचा असतो. ७५० वॉटचा हीटर तीन तास लावला तर सव्वादोन युनिट जळतात, म्हणजे साठ रात्रींत १३५ युनिट. रात्रभर लावून ठेवण्याची गरज नसते, निघण्याआधी दोन-चार तास पुरतात. हा खर्च लेहमध्ये वसूल होतो. धायरीत तो वाऱ्यावर जातो. शिवाय हमीच्या मुदतीत असलेल्या गाडीच्या इंजिनात अशी तोडजोड केली तर हमी अडचणीत येऊ शकते, तेही आधी विचारून घ्यावे.

आदल्या रात्रीची पाच कामे

हिवाळ्यात सौद्याला निघणाऱ्या प्रत्येक घराने ही पाच कामे अंगवळणी पाडावीत.

गाडी उघड्या शिवारात न ठेवता छपराखाली किंवा भिंतीच्या आडोशाला लावा. निदान बॉनेटवर गोणपाट टाका आणि निघताना आठवणीने काढा. आतले-बाहेरचे सर्व दिवे आणि टेप बंद केल्याची खात्री करा. आठवड्यातून एकदा बॅटरीची टोके हाताने हलवून पाहा, हलली तर आवळा. दर आठवड्याला फिल्टरमधले पाणी सोडा आणि तेलाची पातळी बघा. पाचवे काम सर्वांत सोपे: माल भरण्यापूर्वी गाडी एकदा चालू करून बघा. दोन वाजता कळले तर शेजाऱ्याची गाडी मागता येते. माल भरून चार वाजता कळले तर रडण्याखेरीज हाती काही नसते.

हे सारे करूनही गाडी पहाटे कुरकुर करत असेल, तेल खात असेल आणि तेलाच्या झाकणातून धूर फुंकत असेल, तर समजा की रिंगा आणि लायनर झिजले आहेत. मेकॅनिककडून दाब मोजून घ्या आणि हंगाम संपताच इंजिन उघडा. भर हंगामात ते रस्त्यावर बसले तर दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेला माल अशी दुहेरी चाट बसते.

बैलजोडी होती तेव्हा कातरवेळी तिच्या पाठीवर झूल पडत असे आणि दाणा-वैरण घरच्या माणसांच्या जेवणाआधी होत असे. पिकअप बोलत नाही, हंबरत नाही, पण पोट तिच्यावरच आहे. या रविवारी दुपारी उन्हात गाडी उभी करा, मुलांना हाताशी घ्या आणि चार प्लग, दोन टोके व एक फिल्टर तपासून टाका. तासाभराचे काम आहे. रात्री जागून बांधलेल्या जुड्यांचे मोल त्या एका तासावर अवलंबून आहे.